महाविद्यालयाच्या पोर्टलवर नाव नोंदवताना: आपली माहिती कशी जपावी आणि जाहिराती कशा ओळखाव्यात

बारावीचा निकाल लागला की आमच्या तालुक्यातील ऑनलाइन सेवा केंद्रांसमोर सकाळपासून रांग लागते. गुणपत्रिका, टीसी, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि चार फोटो एका प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन मुले-मुली एसटीने येतात. त्यांतील बरीचशी घरातून महाविद्यालयात जाणारी पहिलीच असतात. पुढच्या दोन महिन्यांत या पिशवीतील प्रत्येक कागद कोठे ना कोठे चढवला जातो: महाविद्यालयाच्या पोर्टलवर, विद्यापीठाच्या पोर्टलवर, शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर आणि व्यावसायिक अभ्यासक्रम असेल तर सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर. 2025-26 पासून अकरावीचे प्रवेशही राज्यभर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागल्यामुळे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांनाही याच वाटेने जावे लागते.

अशा विद्यार्थ्यांना अर्ज भरण्यास मदत करण्याचे काम मी यवतमाळ जिल्ह्यात काही वर्षांपासून करीत आहे आणि त्या अनुभवातून हे मार्गदर्शन लिहीत आहे. एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी. दुकानदाराची वागणूक पटली नाही तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाऊ शकते, पण विद्यार्थ्याला पोर्टल सोडून जाता येत नाही, कारण परीक्षेचा अर्ज तेथेच भरायचा असतो, हॉल तिकीट तेथूनच निघते आणि निकालही तेथेच लागतो. ज्या पानावर यावेच लागते, त्या पानावर कामापुरतीच माहिती मागितली जावी आणि ती माहिती कोणाच्याही जाहिरातीसाठी वापरली जाऊ नये, अशी अपेक्षा धरणे पूर्णपणे रास्त आहे. पुढील सर्व पायऱ्या याच अपेक्षेवर उभ्या आहेत.

पहिली पायरी: नंबर, ईमेल आणि पासवर्ड स्वतःचे असावेत

अर्ज भरण्यास जाण्यापूर्वी घरीच, शांतपणे, फक्त शिक्षणासाठी वापरायचा एक नवा ईमेल पत्ता तयार करावा. घाईत केंद्रचालक स्वतःचाच ईमेल आणि कधी कधी स्वतःचाच मोबाइल नंबर टाकून अर्ज पुढे ढकलतो. त्यात बहुधा त्याचा वाईट हेतू नसतो, कारण रांगेत तीस जण उभे असतात आणि विद्यार्थ्याला स्वतःचा ईमेल आठवत नसतो. परंतु त्यानंतर प्रत्येक ओटीपी, प्रत्येक सूचना आणि पासवर्ड बदलण्याची प्रत्येक किल्ली त्याच्याकडे जाते, आणि दुसऱ्या वर्षी तो केंद्र बंद करून नागपूरला किंवा पुण्याला गेला तर तुमचे खाते तुमच्यासाठीच बंद होते.

घरात एकच फोन असेल तर वडिलांचा किंवा आईचा नंबर द्यावा, मात्र तो नंबर पुढची तीन-चार वर्षे चालू राहील याची खात्री करावी. पेरणीच्या दिवसांत हातात पैसा नसतो, रिचार्ज राहून जाते, आणि मग नव्या सिमवर स्वस्त योजना मिळते म्हणून जुने सिम फेकून दिले जाते, हे आपल्याकडे नेहमीचे आहे. प्रीपेड सिम 90 दिवस वापरात नसेल तर ते बंद होऊ शकते आणि काही काळाने तोच नंबर अनोळखी माणसाला दिला जातो. त्यानंतर तुमच्या शिष्यवृत्तीचा ओटीपी त्या माणसाच्या फोनवर वाजेल. म्हणून नंबर बदलण्याची वेळ आलीच, तर जुने सिम चालू असतानाच आधार, बँक, महाडीबीटी आणि महाविद्यालयाचे पोर्टल या चारही ठिकाणी नवा नंबर नोंदवून घ्यावा.

पासवर्डविषयी थोडक्यात सांगतो. अनेक पोर्टलवर पहिला पासवर्ड म्हणून जन्मतारीख किंवा मोबाइल नंबरच दिलेला असतो, आणि जन्मतारीख तर अख्ख्या वर्गाला ठाऊक असते. पहिल्याच दिवशी तो बदलावा आणि नवा पासवर्ड घरच्या वहीत लिहून ठेवावा. वहीत लिहिण्यात कमीपणा नाही, कारण घरच्या पेटीतील वही केंद्रातील रजिस्टरपेक्षा कितीतरी सुरक्षित असते.

दुसरी पायरी: पत्ता उजवीकडून वाचावा

गूगलवर महाविद्यालयाचे किंवा निकालाचे नाव टाकल्यावर सर्वांत वर येणारा दुवा खरा असेलच असे नाही. त्याच्या जवळ ‘प्रायोजित’ असे लिहिलेले असेल, तर ती पैसे देऊन लावलेली जाहिरात आहे. दुवा उघडल्यावर वरच्या पट्टीतील पत्त्यात, सुरुवातीचे ‘https://’ सोडून, पहिली तिरकी रेघ येते, त्या रेघेच्या आधीचा शेवटचा भाग पाहावा. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट ‘डॉट गव्ह डॉट इन’ किंवा ‘डॉट एनआयसी डॉट इन’ असा असतो, तर विद्यापीठे आणि अनेक महाविद्यालये ‘डॉट एसी डॉट इन’ किंवा ‘डॉट ईडीयू डॉट इन’ वापरतात. ग्रामीण भागातील काही खऱ्या महाविद्यालयांचे पत्ते वेगळेही असतात, म्हणून शंका आल्यास प्रवेशपुस्तिकेवर किंवा कार्यालयातील सूचना फलकावर छापलेल्या पत्त्याशी तो ताडून पाहावा.

ही काळजी घेण्याचे कारण निकालाच्या दिवशी स्पष्ट होते. अधिकृत संकेतस्थळ गर्दीमुळे उघडत नाही, तेवढ्यात एखादे खाजगी पान ‘निकाल येथे पाहा’ म्हणून समोर येते आणि निकालाआधी नाव, मोबाइल नंबर, शाखा आणि जिल्हा विचारते. आमच्या शेजारच्या गावातील एका विद्यार्थिनीने अशा पानावर वडिलांचा नंबर भरला. पुढचे दोन आठवडे, शेतात डवरणी चालू असताना, त्या गृहस्थांना परराज्यातील संस्थांच्या दलालांचे फोन येत राहिले: नर्सिंगला थेट प्रवेश, शिष्यवृत्तीची हमी, फक्त जागा राखण्यासाठी आज पाच हजार भरा. त्यांनी पैसे भरले नाहीत, पण मुलीचे नाव, शाखा आणि जिल्हा फोनवरच्या माणसाला आधीच ठाऊक असल्यामुळे ते त्याच्यावर विश्वास ठेवण्याच्या अगदी जवळ आले होते. तिने भरलेली ती चार उत्तरे त्या दलालाच्या हाती भांडवलासारखी पडली होती.

तिसरी पायरी: सेवा केंद्रात बसताना

केंद्रचालकाच्या शेजारी बसावे आणि पडद्याकडे पाहत राहावे. कागदपत्रे व्हॉट्सॲपवर पाठवण्यापेक्षा पेन ड्राइव्हमध्ये नेली तर बरे, कारण व्हॉट्सॲपवर पाठवलेला आधारचा फोटो त्याच्या फोनच्या गॅलरीत वर्षानुवर्षे पडून राहू शकतो. पाठवावीच लागली, तर काम झाल्यावर त्याच्यासमोरच दोन्ही फोनमधून आणि संगणकाच्या डाउनलोड फोल्डरमधून ती काढून टाकण्याची विनंती करावी. ‘पासवर्ड जतन करायचा का’ असे ब्राउझरने विचारले तर नकार द्यावा आणि उठण्यापूर्वी लॉगआउट झाले की नाही ते स्वतः पाहावे. पासवर्ड केंद्रातच तयार केला असेल तर त्याच संध्याकाळी घरच्या फोनवरून बदलावा.

आधारबाबत दोन गोष्टी आवर्जून सांगाव्याशा वाटतात. जेथे केवळ ओळख पटवायची असते, तेथे पहिले आठ अंक झाकलेली आणि शेवटचे चार अंक दाखवणारी आधारची प्रत द्यावी. ती आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवता येते. महाडीबीटीवर मात्र आधारची पडताळणी लागते, कारण शिष्यवृत्तीची रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होते. दुसरी गोष्ट, ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून ती कोणालाही पाठवली तरी चालते, असा समज दिसतो. तो पासवर्ड म्हणजे इंग्रजीतील नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मवर्ष असतो, आणि ही दोन्ही त्याच अर्जात लिहिलेली असतात. झेरॉक्स द्यावी लागली तर तिच्यावर आडवे ‘फक्त बी.ए. प्रथम वर्ष प्रवेशासाठी’ असे आणि तारीख लिहून सही करावी.

आधारच्या अधिकृत ॲपमधून अंगठ्याचे ठसे कुलूपबंद करता येतात आणि ती सोय चांगली आहे. पण ठसे बंद ठेवले तर रास्त भाव दुकानातील यंत्रावर त्या व्यक्तीचा अंगठा चालणार नाही. रेशन उचलण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याने हे लक्षात ठेवूनच कुलूप लावावे.

चौथी पायरी: अर्जातील प्रत्येक चौकटीला ‘कशासाठी’ असे विचारावे

सर्वाधिक वेळ या पायरीला द्यावा. पोर्टलवरील अर्जात ज्या चौकटीपुढे लाल तारा असतो ती भरणे सक्तीचे असते आणि उरलेल्या ऐच्छिक असतात. ऐच्छिक चौकट रिकामी ठेवल्याने प्रवेश अडत नाही. तरीही आपली मुले सगळ्या चौकटी भरतात, कारण अपूर्ण अर्ज म्हणजे नापास अर्ज अशी भीती शाळेपासून मनात बसलेली असते.

जातीचा प्रवर्ग आरक्षण आणि शुल्क सवलत यांसाठी लागतो, उत्पन्न शिष्यवृत्तीसाठी लागते आणि बँक खाते परतावा मिळण्यासाठी लागते. हीच माहिती ग्रंथालयाच्या लॉगिनसाठी, सराव परीक्षेसाठी किंवा एखाद्या कार्यशाळेच्या नोंदणीसाठी मागितली जात असेल, तर तिचे प्रयोजन कार्यालयात विचारावे. आमच्या भागात जात, शेतीचे एकर, वडिलांचे उत्पन्न आणि मुलीचा मोबाइल नंबर या चार गोष्टी एकत्र एका यादीत असणे किती धोक्याचे ठरू शकते, हे येथील कोणालाही वेगळे समजावून सांगावे लागत नाही. कर्ज देणारा, लग्न जुळवणारा, प्रवेश विकणारा आणि त्रास देणारा, या सर्वांना ती यादी हवी असते.

अर्जाच्या शेवटी बारीक अक्षरांत एक-दोन चौकटी असतात आणि कधी कधी त्यांत आधीच टिक केलेली असते: ‘आमच्या सहयोगी संस्थांकडून शैक्षणिक संधींची माहिती मिळवण्यास माझी हरकत नाही’. ही टिक काढावी. तिचा अर्थ असा की तुमचा नंबर पोर्टल चालवणाऱ्या कंपनीच्या हातून दुसऱ्या कोणाकडे जाण्यास तुम्ही मान्यता देत आहात.

या ठिकाणी कायदा तुमच्या बाजूने काय म्हणतो तेही माहीत असावे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. संस्थांवरील मुख्य बंधने त्यानंतर 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 पासून लागू होतात. या कायद्यानुसार संमती मोकळ्या मनाने दिलेली, विशिष्ट कारणासाठीची आणि त्या कारणाला आवश्यक असलेल्या माहितीपुरतीच असावी लागते. कायद्यातच एक उदाहरण दिलेले आहे: वैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपने सल्ल्यासोबत फोनमधील संपर्कयादीचीही परवानगी मागितली आणि माणसाने दोन्हींना होकार दिला, तरी संपर्कयादी सल्ल्यासाठी लागत नसल्यामुळे तो होकार सल्ल्यापुरताच धरला जाईल. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय मिळाला पाहिजे, अशीही तरतूद आहे, आणि त्या 22 भाषांत मराठी आहे. दिलेली संमती मागे घेणे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे, असेही कायदा सांगतो.

अठरा वर्षांखालील प्रत्येकाला हा कायदा बालक मानतो. अकरावी-बारावीतील जवळपास सर्व आणि पदवीच्या पहिल्या वर्षातील अनेक विद्यार्थी त्यात येतात. त्यांच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळलेली संमती लागते आणि त्यांच्या हालचालींवर पाळत ठेवून त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिराती दाखवण्यास मनाई आहे. शैक्षणिक संस्थांना नियमांत काही सवलत आहे, पण ती शिक्षणविषयक कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षिततेपुरती आहे. जाहिरातीला त्या सवलतीत जागा नाही.

पाचवी पायरी: पोर्टलवर जाहिरात येते कोठून, आणि ती रोखावी कशी

लहान महाविद्यालयाकडे स्वतःचा संगणकतज्ज्ञ नसतो. पोर्टल बाहेरच्या कंपनीकडून घेतले जाते आणि जी कंपनी कमी पैसे मागते ती पसंत पडते. अशा वेळी उरलेला खर्च कोठून निघतो, हे विचारणे आवश्यक असते. हा प्रश्न जुना आहे. 1990 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत काही कंपन्यांनी महाविद्यालयांना विद्यार्थी पोर्टल विनामूल्य उभारून देण्याची तयारी दाखवली आणि मोबदल्यात त्यावर जाहिराती लावण्याची मुभा मागितली होती. तेथे विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदी जपणारा कायदा 1974 पासून होता, तरी फुकटच्या पोर्टलची किंमत विद्यार्थ्याने मोजावी काय, हा वाद उभा राहिलाच.

जाहिरात दिसणे हा या व्यवहाराचा वरचा भाग झाला. पानामागे जाहिरात कंपनीचा एक छोटा तुकडा बसवलेला असतो, तो तुमच्या ब्राउझरमध्ये कुकी नावाची खूण ठेवतो, आणि त्या खुणेवरून हाच फोन काल शिष्यवृत्तीचे पान पाहत होता व आज पोलीस भरतीचे पाहत आहे, हे कंपनीला कळते. अँड्रॉइड फोनला स्वतःचा एक जाहिरात क्रमांकही असतो आणि ॲप त्याच्या आधारे माणूस ओळखतात.

यावर चार उपाय घरच्या घरी करता येतात. फोनच्या सेटिंग्जमधील शोधपट्टीत ‘जाहिराती’ किंवा इंग्रजीत ‘ॲड्स’ असे टाकावे आणि तेथे मिळणारा ‘जाहिरात आयडी हटवा’ हा पर्याय निवडावा. क्रोम ब्राउझरमध्ये उजव्या कोपऱ्यातील तीन ठिपक्यांतून सेटिंग्ज आणि पुढे साइट सेटिंग्ज उघडून तृतीय पक्ष कुकी, म्हणजे त्या संकेतस्थळाच्या नव्हे तर बाहेरच्या कंपन्यांच्या खुणा, बंद कराव्यात. त्याने एखाद्या वेळी शुल्क भरण्याचे पान अडले, तर तेवढ्यापुरत्या चालू करून पुन्हा बंद कराव्यात. तिसरा उपाय असा की अँड्रॉइडवर फायरफॉक्स ब्राउझर घेऊन त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिरात अडवणारे मोफत जोडसाधन बसवता येते. जेथे नेटवर्कची एकच काडी मिळते, अशा मेळघाटातील किंवा भामरागडच्या बाजूच्या गावांत त्याचा दुहेरी लाभ होतो, कारण जाहिराती उतरल्या नाहीत की डेटा वाचतो आणि पान लवकर उघडते.

चौथा उपाय सूचनांविषयी आहे. ‘तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी परवानगी द्या’ असे लिहिलेल्या पानावर बटण दाबले की त्या संकेतस्थळाच्या सूचना फोनवर दिवसरात्र येत राहतात, आणि त्यांत कर्जाच्या, सट्ट्याच्या व बनावट भरतीच्या जाहिराती असतात. साइट सेटिंग्जमधील ‘सूचना’ या भागात जाऊन अनोळखी संकेतस्थळांची परवानगी काढून घ्यावी.

महाविद्यालयाचे मोबाइल ॲप असेल तर त्याला कॅमेरा आणि फाइल यांची परवानगी कागद चढवण्यापुरती द्यावी. संपर्कयादी, एसएमएस आणि स्थान यांची परवानगी नाकारून पाहावे, बहुतेक वेळा ॲप तरीही चालते.

सहावी पायरी: कार्यालयात लेखी विचारणा

गुणवत्ता यादी किंवा शिष्यवृत्तीची यादी पीडीएफ करून संकेतस्थळावर टाकताना तिच्यात मोबाइल नंबर, जन्मतारीख आणि क्वचित बँक खाते क्रमांकही तसाच राहून जातो, आणि गूगलवर नाव शोधताच ती यादी वर येते. हे बहुधा लिपिकाच्या घाईतून घडते, म्हणून आरोपाचा सूर न लावता लेखी अर्ज करावा. नमुना असा:

‘मा. प्राचार्य यांस, स.न.वि.वि. मी आपल्या महाविद्यालयात बी.ए. प्रथम वर्षात शिकत आहे. संकेतस्थळावरील यादीत विद्यार्थ्यांचे मोबाइल नंबर व जन्मतारखा सर्वांना दिसत आहेत. यादीत केवळ अर्ज क्रमांक, नाव व गुण ठेवून उर्वरित तपशील काढून टाकावा, ही विनंती. तसेच पोर्टलवरील जाहिराती कोणामार्फत दाखवल्या जातात आणि विद्यार्थ्यांची माहिती महाविद्यालयाबाहेर कोणास दिली जाते काय, हे लेखी कळवावे.’

अर्जाच्या दोन प्रती कराव्यात. एक आवक विभागात द्यावी आणि दुसरीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेऊन ती जपून ठेवावी. पाच-सहा विद्यार्थ्यांनी मिळून सही केली तर एकट्यावर रोख येत नाही. उत्तर आले नाही, तर महाविद्यालयाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या नियमांनुसार अशी समिती असणे बंधनकारक आहे आणि तिच्यावर विद्यापीठ स्तरावर लोकपाल असतो. अनुदानित महाविद्यालयाकडे माहिती अधिकाराखाली दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून पोर्टल कंपनीशी झालेल्या कराराची प्रतही मागता येते. विद्यापीठाच्या पोर्टलविषयी तक्रार असेल तर आपले विद्यापीठ कोणते ते पाहूनच पत्र लिहावे: अमरावती विभागातील पाच जिल्ह्यांसाठी संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ, नागपूर, वर्धा, भंडारा व गोंदियासाठी राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ, आणि चंद्रपूर व गडचिरोलीसाठी गोंडवाना विद्यापीठ.

माहिती आधीच बाहेर गेली असेल तर

नको असलेले जाहिरातीचे फोन थांबवण्यासाठी 1909 या क्रमांकावर नोंद करावी. खोट्या निकालाच्या किंवा हमखास नोकरीच्या जाहिरातीला भुलून एखाद्या शिकवणीत पैसे अडकले असतील, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार द्यावी. शिकवणी वर्गांच्या फसव्या जाहिरातींविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढलेली आहेत. ‘शिष्यवृत्ती मंजूर झाली, प्रक्रिया शुल्क भरा’ असे कोणी म्हणाले तर तो फोन ठेवून द्यावा, कारण सरकारी शिष्यवृत्ती खात्यात जमा होण्यासाठी कोणालाही पैसे पाठवावे लागत नाहीत. पैसे गेलेच, तर घरी सांगण्याची भीती बाजूला ठेवून त्याच क्षणी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा, कारण पहिल्या काही तासांत रक्कम पुढे सरकण्यापूर्वी गोठवली जाण्याची शक्यता असते.

महाविद्यालय सोडताना टीसी घेण्याच्या दिवशी आणखी एक काम उरकावे. पोर्टलवरील गुणपत्रिका व पावत्या उतरवून घ्याव्यात, डिजिलॉकरमध्ये उपलब्ध असतील त्या तेथे आणून ठेवाव्यात, नोंदवलेला नंबर चालू आहे का ते पाहावे, फोनमधील महाविद्यालयाचे ॲप काढून टाकावे, आणि शिष्यवृत्तीचा शेवटचा हप्ता जमा झालेला असल्यास आपल्या खात्यातील बँक तपशील व आधारची प्रत काढून टाकण्याविषयीचा अर्ज त्याच खिडकीवर देऊन त्याचाही आवक क्रमांक घ्यावा.